हाली, कलदार आणि सौर प्लेट

चिखलीहून देऊळगाव राजामार्गे जालन्याकडे जाणारा रस्ता आज एकाच राज्यातील दोन जिल्ह्यांना जोडतो. परंतु १९४८ पूर्वी या वाटेने माल नेणारा व्यापारी दोन निरनिराळ्या चलनांच्या मुलखांतून जात असे. निजामाशी झालेल्या १८५३च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आल्यामुळे अलीकडे, चिखलीच्या बाजूस, कलदार रुपया चाले, तर पलीकडचा मराठवाडा निजामाच्या अमलाखाली असल्याने तेथे हाली शिक्क्याचा व्यवहार होई. आणि सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार असा भाव असल्याकारणाने, हिशेब न करता रुपयास रुपया मोजणारा मनुष्य प्रत्येक सौद्यात आपल्या कलदाराचा सातवा हिस्सा गमावून बसे. या नुकसानीतून त्याला वाचवी तो सराफ, जो आपला बट्टा कापून घेऊन एका नाण्याचे मूल्य दुसऱ्या नाण्यात चोख बदलून देत असे.

ज्यांच्या घरी सूर्याची वीज आली आहे, परंतु ती बॅटरीत पुरेशी उतरत नाही, अशा गृहस्थांनी सराफाचा हा व्यवहार ध्यानात घेण्याजोगा आहे. समजा, चिखलीतील एका घरात भारनियमनाच्या दिवसांत घेतलेली, इन्व्हर्टरला जोडलेली १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी आहे, आणि आता गच्चीवर ७२ सौरघटांची ३३० वॅटची प्लेट आणून बसविली आहे. प्लेटच्या पाठीवरील पट्टीवर सर्वाधिक शक्तीच्या वेळचा दाब ३७.५ व्होल्ट आणि प्रवाह ८.८ अँपिअर असा तपशील छापलेला असतो. एकीकडे साडेसदतीस, दुसरीकडे बारा. या दोहोंचा मेळ कसा बसावा, हाच प्रश्न आहे.

मुळात ही दोन साधने भिन्न प्रकृतीची आहेत. शिशाच्या पत्र्यांची व गंधकाम्लाची पुन्हा पुन्हा भारित होणारी बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लाँते यांनी १८५९ साली सिद्ध केली, तर सिलिकनचा पहिला उपयुक्त सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली जन्मास आला. बॅटरीचा दाब तिच्या रसायनाने ठरविलेला असतो: प्रत्येक घटाचा दोन व्होल्टांहून किंचित अधिक, आणि असे सहा घट मिळून पूर्ण भरलेल्या अवस्थेत सुमारे १२.६. भरताना तो १४.४च्या आसपास चढू द्यावा लागतो, पण त्यापलीकडे बॅटरी हट्टाने आपलीच मर्यादा चालविते. सौर प्लेटचे तसे नाही. तिचा प्रवाह उन्हाच्या तेजावर अवलंबून असतो आणि दाबाच्या बाबतीत ती लवचिक असते. जिला जोडाल तिच्या दाबावर ती निमूटपणे येऊन बसते. दोन्ही तारा एकमेकींस टेकविल्या तर प्रवाह भरपूर, पण दाब शून्य. तारा मोकळ्या ठेवल्या तर दाब भरपूर, पण प्रवाह शून्य. शक्ती हा या दोहोंचा गुणाकार असल्याने दोन्ही टोकांस हाती काहीच लागत नाही, आणि खरी कमाई मधल्या एकाच बिंदूवर होते.

आता प्लेट व बॅटरी यांच्या मध्ये बसविला जाणारा साधा कंट्रोलर, ज्यास बाजारात पीडब्ल्यूएम म्हणतात, तो काय करतो? तो केवळ दारावरचा पहारेकरी आहे. बॅटरी रिकामी असेल तर दार उघडे ठेवावे, भरत आली की उघडझाप करून प्रवाह आवरावा, एवढाच त्याचा बंदोबस्त. दार उघडे असताना प्लेट थेट बॅटरीशी जोडलेली राहते, तिचा दाब साडेसदतीसवरून तेरापर्यंत ओढला जातो, आणि प्रवाह मात्र ८.८ अँपिअरच्या पलीकडे फारसा वाढत नाही. गुणाकार केला तर पदरात पडतात ११४ वॅट. ३३० वॅटचे दाम मोजून आणलेल्या प्लेटची दोन तृतीयांश शक्ती अशा रीतीने काचेमागे उष्णता होऊन विरून जाते, आणि घरधनी मात्र दोष कधी ढगांना देतो, कधी बॅटरीला.

येथेच सराफाचे काम सुरू होते. एमपीपीटी नावाचा दुसऱ्या जातीचा कंट्रोलर प्लेट व बॅटरी यांच्या मध्ये बसतो, परंतु दोघांची गाठ थेट पडू देत नाही. त्याच्या पोटात तारेचे एक वेटोळे असते आणि एक विद्युत-कळ सेकंदास हजारो वेळा उघडमीट करते. कळ मिटली की प्लेटची ऊर्जा वेटोळ्याभोवती चुंबकक्षेत्राच्या रूपाने साठते, आणि उघडली की तीच ऊर्जा कमी दाबाने परंतु अधिक प्रवाहाने बॅटरीकडे उतरते. शिवाय त्यातील सूक्ष्म गणकयंत्र प्लेटचा दाब क्षणोक्षणी किंचित वर-खाली करून पाहते. शक्ती वाढली तर त्याच दिशेस पुढे जाते, घटली तर मागे फिरते, आणि अशा रीतीने सर्वाधिक कमाईचा तो बिंदू हातचा सुटू देत नाही. शेकडा पाच बट्टा धरला तरी ३३० वॅटांपैकी ३१३ उरतात, आणि तेरा व्होल्टांवर त्यांचे सुमारे २४ अँपिअर होतात. प्लेटमधून निघाले होते पावणेनऊ, बॅटरीत पोहोचले चोवीस. यात जादू कसलीही नाही, केवळ नाणे बदलले, बट्टा वजा जाता मूल्य तेच राहिले. मात्र शिशाच्या बॅटरीला सामान्यतः तिच्या अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्श्याइतका प्रवाह मानवतो. म्हणून १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी उत्पादकाने सांगितलेली मर्यादा पाहून कंट्रोलरमध्ये प्रवाहाची सीमा बांधून द्यावी.

याचा अर्थ पहारेकरी सर्वत्र कुचकामी, असा मात्र नव्हे. सोयाबीन-तुरीच्या शिवारात रोही आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी जे झटका मशीन बसवितात, ते पाहावे. धुऱ्यावर एक लहानशी पेटी, तीत १२ व्होल्टची बॅटरी, आणि वर बांबूला बांधलेली ४० वॅटची ३६ सौरघटांची प्लेट. या प्लेटला ‘बारा व्होल्टची’ म्हणतात, पण तिच्यावर दाब छापलेला असतो १८ व्होल्ट. हे सहा व्होल्ट वाया घालविण्यासाठी ठेवलेले नसतात. सिलिकन तापला की त्याचा दाब उतरतो. वैशाखाच्या उन्हात काचेमागचे तापमान ६५ अंशांवर गेले म्हणजे १८चे जेमतेम १५ उरतात, आणि बॅटरी पूर्ण भरण्यास तर १४.४ हवेतच. म्हणजे आपल्यासारख्या तप्त प्रदेशासाठी ही पुंजी आगाऊ राखून ठेवलेली आहे. अशा जोडीत फरक मुळातच थोडा असल्याने साधा, स्वस्त कंट्रोलर पुरेसा होतो. महाग सराफाचा बट्टा येथे परवडत नाही.

उलट, प्लेटचा दाब बॅटरीहून कमी असेल तर प्रचलित एमपीपीटीही हतबल ठरतो, कारण तो दाब उतरवू शकतो, चढवू शकत नाही. २४ व्होल्टच्या बॅटरीसाठी ‘बारा व्होल्टच्या’ दोन प्लेटा एकापुढे एक, म्हणजे एकीचे धन दुसरीच्या ऋणास, जोडल्या की दाबांची बेरीज होते आणि काम मार्गी लागते. ही बेरीज करताना थंडीचा विसर पडू नये. ७२ घटांच्या प्लेटचा मोकळ्या तारांचा दाब सुमारे ४६ व्होल्ट असतो. तो २५ अंश तापमानाचा असून, दर अंश थंडीमागे शेकडा ०.३ने वाढतो. पौषात पारा दहा अंशांवर उतरलेल्या सकाळी अशा दोन प्लेटा मिळून ९२ऐवजी ९६ व्होल्ट देतात, आणि कंट्रोलरची सीमा त्याहून कमी असेल तर पहिल्याच किरणांसरशी तो जळून जाण्याचा संभव असतो.

प्लेट व बॅटरी यांच्या दाबांतील अंतर लाभदायकही ठरते. तारेतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तीच शक्ती तिप्पट दाबाने आणली तर नुकसान नवव्या हिश्श्यावर येते. म्हणून गच्चीपासून खालपर्यंतची लांब तार प्लेटच्या चढ्या दाबानेच आणावी, आणि कंट्रोलर बॅटरीशेजारी बसवावा. प्लेट दुरुस्त, बॅटरी दुरुस्त आणि तरीही दिवे मंद, अशा कित्येक घरांत दोष वस्तूंत नसून त्यांच्या मध्यस्थात असतो, हे माझे ठाम मत आहे.

म्हणून वाचकांस कळकळीची विनंती एवढीच की, प्लेट विकत घेण्यापूर्वी तिच्या वॅटांवर न भाळता तिच्या पाठीवरील पट्टी वाचावी. मोकळ्या तारांचा दाब, सर्वाधिक शक्तीचा दाब आणि प्रवाह हे तीन आकडे वहीत टिपून घ्यावेत आणि ते कंट्रोलरच्या सीमांशी ताडून पाहावेत. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. सोडविताना आधी प्लेट, मग बॅटरी. आणि बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज अवश्य असावा. प्लेट मात्र बॅटरीस थेट कधीही जोडू नये.