जुने रिपोर्ट नव्या यंत्रणेत नेताना

दर दहा दिवसांनी दूध संघाच्या कचेरीतून एक पत्रक निघते. सभासदाचे नाव, लिटर, फॅट, दर, कपात आणि अखेरीस हाती पडणारी रक्कम. सभासद शेवटचा रकाना तेवढा पाहतो आणि घडी घालून कागद खिशात ठेवतो. हे पत्रक करतो कोण, असे कुणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, "कॉम्प्युटर काढतो." कॉम्प्युटर काढतो हे खरे, पण काय काढायचे आणि कसे, हे पंधरा-अठरा वर्षांपूर्वी कुणीतरी बसून त्याला शिकवलेले असते, आणि तो शिकवणारा बहुधा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. अशा जुन्या रिपोर्टांना नव्या आवृत्तीच्या यंत्रणेत कसे न्यावे, याविषयी आज बोलायचे आहे. दूध संघ आपला उदाहरणापुरता. नगरपालिका घ्या, पतसंस्था घ्या, साखर कारखाना घ्या, गोष्ट तीच.

बोलण्याला एक नक्की आधार हवा, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या जोडीने चालणारी रिपोर्टिंग सर्व्हिसेस ही यंत्रणा घेऊ. ती २००४ च्या जानेवारीत एसक्यूएल सर्व्हर २००० ची पुरवणी म्हणून आली आणि २००५ च्या आवृत्तीपासून घरचीच झाली. रिपोर्ट बनवण्याचे साधन व्हिज्युअल स्टुडिओच्या अंगाने वाढले. २००५ आणि २००८ च्या काळी त्याचे नाव वेगळे होते, २०१२ पासून वेगळे झाले, आणि व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ पासून ते एक निराळे जोडसाधन म्हणून बसवावे लागते. नावांच्या या घोळात फार शिरण्याचे कारण नाही.

प्रत्येक रिपोर्ट म्हणजे आरडीएल नावाची, वाचता येईल अशी मजकुराची फाईल. तिच्यात मुख्य गोष्टी तीन: माहिती कुठून आणायची तो पत्ता, काय आणायचे तो प्रश्न, आणि आणलेली माहिती कागदावर कशी मांडायची तो आराखडा. अशा फाईलींचा गठ्ठा म्हणजे प्रोजेक्ट. फाईलच्या माथ्यावर ती कुठल्या वळणाने लिहिली आहे त्याचा शिक्का असतो: २००५/०१, २००८/०१, २०१०/०१, २०१६/०१. नवे साधन जुने वळण वाचते, जुन्याला नवे वाचता येत नाही. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी भांडणे मिटतात.

आता कुणी म्हणेल, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? शंका रास्त आहे. पण एसक्यूएल सर्व्हर २००८ आणि २००८ आर-टू यांचा नेहमीचा आधार ९ जुलै २०१९ रोजी संपला, २०१२ चा १२ जुलै २०२२ रोजी, तर २०१४ चा ९ जुलै २०२४ रोजी. त्यानंतर एखादे भोक सापडले तर ते नेहमीच्या वाटेने बुजवले जात नाही. ज्या पेटीत सभासदांचे बँक खाते क्रमांक आहेत, तिचे कुलूप दुरुस्त करणारा कुणी उरलेला नाही, असा याचा अर्थ.

कामाला हात घालताना पहिला प्रश्न असा की खरा रिपोर्ट कोणता? पुष्कळ जण प्रोजेक्टचे फोल्डर उघडतात आणि त्यालाच प्रमाण मानतात. परंतु वर्षामागून वर्षे गेलेली असतात. मध्येच कुणी सर्व्हरवरचा रिपोर्ट उतरवून घेतला, कपातीचा एक रकाना वाढवला आणि परत चढवला. प्रोजेक्टमधली फाईल तशीच राहिली. सभासदाच्या हातात जातो तो सर्व्हरवरचा रिपोर्ट. म्हणून आधी सर्व्हरवरून सगळ्या आरडीएल फाईली उतरवून घ्याव्यात आणि प्रोजेक्टमधल्या फाईलींशी ताडून पाहाव्यात. फरक सापडला तर सर्व्हरची बाजू धरावी.

आणि नेमके किती रिपोर्ट न्यायचे? जुन्या सर्व्हरवर दोनशे रिपोर्ट असले तरी चालू तीस-चाळीसच असतात. कुठला रिपोर्ट केव्हा काढला याची नोंद सर्व्हर स्वतः ठेवतो, तेव्हा ती पाहून गाळणी करता येते. यात एक मेख आहे. ही नोंद मुळात साठ दिवसांपुरतीच ठेवलेली असते. मार्चअखेरीला लागणारा तक्ता ऑगस्टात पाहिला तर मेलेला दिसेल. तेव्हा नोंदीबरोबर हिशेबनिसालाही विचारावे. नोंदीत नसते ते त्याला ठाऊक असते.

दुसरी गोष्ट किल्लीची. माहितीच्या साठ्यात शिरण्याचे जे पासवर्ड सर्व्हरवर ठेवलेले असतात, ते सांकेतिक रूपात असतात आणि त्यांची एक किल्ली असते. तिची प्रत पासवर्ड लावून वेगळ्या फाईलीत काढून ठेवता येते. पाच मिनिटांचे काम आहे. ते राहून गेले आणि साठा नव्या यंत्रावर नेला, तर रिपोर्ट दिसतात पण चालत नाहीत. मग सांकेतिक मजकूर पुसून टाकून एकेक पासवर्ड नव्याने भरत बसावे लागते. त्यातले निम्मे कुणालाच आठवत नसतात. शिवाय २०१७ च्या आवृत्तीपासून ही सर्व्हिस मुख्य सर्व्हरपासून वेगळी बसवायची असते. म्हणजे २०१६ किंवा त्याआधीच्या जुन्या जागीच नवी आवृत्ती चढवता येत नाही, सामान उचलून नव्या घरी न्यावेच लागते. तेव्हा किल्लीवाचून गत्यंतर नाही.

फाईलींचे रूपांतर हा भाग, खरे सांगायचे तर, सगळ्यात सोपा. जुना रिपोर्ट नव्या साधनात उघडला की ते स्वतःच त्याला नव्या वळणात बसवते. २००५ मध्ये टेबल, मॅट्रिक्स आणि लिस्ट असे तीन निरनिराळे साचे होते. २००८ मध्ये त्या तिन्हींचा मिळून टॅब्लिक्स नावाचा एकच साचा झाला, आणि ही अदलाबदल साधन आपोआप करते. फक्त हा प्रवास एका दिशेचा आहे. नव्या वळणात गेलेली फाईल जुन्या साधनात उघडत नाही, म्हणून काम नेहमी प्रतीवर करावे. मधल्या काळात जुना सर्व्हरही चालू ठेवायचा असेल, तर प्रोजेक्टच्या गुणधर्मांत सर्व्हरची आवृत्ती निवडण्याची सोय आहे. त्याप्रमाणे साधन जुन्या वळणाची प्रत वेगळी काढून देते. ती प्रत सोडून मूळ फाईलच कुणी जुन्या सर्व्हरवर चढवू गेला, तर सर्व्हर तिचा शिक्का पाहून तिला दारातूनच परत पाठवतो. असा नकार बरा. निदान काही चुकले आहे एवढे तरी कळते.

भीती वेगळीच आहे. रिपोर्ट उघडतो, छापला जातो, तक्रार करत नाही, आणि आकडा मात्र बदललेला असतो.

हे कसे घडते ते पाहू. सभासदांची यादी एका तक्त्यात आणि दूध संकलन दुसऱ्यात. ज्याने या दहा दिवसांत दूध घातले नाही त्याचेही नाव यावे, कारण त्याच्या नावावर कर्जाचा हप्ता आहे. जुन्या काळी अशी जोडणी फुली आणि बरोबरीचे चिन्ह एकत्र लिहून करत. ते लेखन २००५ च्या नव्या पातळीपासून बंद झाले. मात्र साठा जुन्याच पातळीवर ठेवण्याची मुभा २००८ आर-टूपर्यंत होती, म्हणून पुष्कळ ठिकाणी तसेच चालत राहिले. २०१२ ने ती मुभाही काढली. आता प्रश्न नव्या पद्धतीने, लेफ्ट जॉइन वापरून, लिहिणे भाग आले. घाईतला माणूस जोडणी बदलतो आणि "तारीख या दहा दिवसांतली" ही अट होती तिथेच, म्हणजे प्रश्नाच्या शेवटी, ठेवतो. जुन्या लेखनात ती अट जोडणीबरोबरच धरली जाई. नव्यात ती जोडणी झाल्यावर लागते, आणि ज्याच्या नावापुढे संकलनाची तारीखच नाही त्याची ओळ गळून पडते. त्या सभासदाचे नाव पत्रकात नाही, त्याचा हप्ता कापलेला नाही, आणि दुधाची बेरीज तर बरोबर जुळते! कारण त्याचे दूध शून्यच होते. ही अट जोडणीच्या ओळीत उचलून ठेवली की झाले. पण ती ठेवायला हवी, हे कुणीतरी ओळखावे लागते.

दुसरा मासला क्रमाचा. एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये लोक व्ह्यूच्या आतच, शंभर टक्के ओळी घ्या असे सांगून, क्रम लावून ठेवीत, आणि ओळी बहुधा त्या क्रमाने येत. २००५ पासून तो क्रम जुमानला जात नाही. बेरजेला क्रमाचे सोयरसुतक नसते, म्हणून बेरीज जुळते. परंतु रिपोर्टात "अखेरची शिल्लक" म्हणून शेवटच्या ओळीतला आकडा उचलला असेल, तर शेवटची ओळ कुठली हेच आता नक्की नसते. आज एक येईल, उद्या दुसरी. क्रम व्ह्यूत न ठेवता रिपोर्टाच्या प्रश्नातच लिहावा, हा त्याला उपाय.

आपल्याकडच्या मराठी रिपोर्टांचे एक निराळेच दुखणे आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी नावे खास फॉन्टच्या आधाराने लिहीत. साठ्यात रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी, आणि वर देवनागरी दाखवणारा फॉन्ट. पीडीएफ तयार होते ती सर्व्हरवर. नव्या सर्व्हरवर तो फॉन्ट नसला तर सभासदाच्या नावाच्या जागी ती खिचडीच छापली जाते. अशा वेळी नावे युनिकोडमध्ये बदलून घेणे उत्तम, मात्र तो बदल पुरता करावा. साठ्यातला रकाना युनिकोड जातीचा हवा, आणि प्रश्नात मराठी शब्द लिहिताना त्याच्यामागे एन हे अक्षर हवे. नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. आणखी एक लहानशी गोष्ट. नावांचा क्रम आजवर फॉन्टच्या खुणांप्रमाणे लागत होता, आता तो वर्णमालेच्या जवळ येईल. सचिवांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर "यादी उलटसुलट झाली" अशी ओरड व्हायची.

किरकोळ अडचणी आणखी आहेत. त्या भराभर सांगतो. जुन्या ॲक्सेस फाईलींशी बोलणारा जेट नावाचा दुवा बत्तीस-बिटांचाच आहे, आणि व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ चौसष्ट-बिटांचा आहे. नवे ड्रायव्हर जोडणी सांकेतिक हवी असा मुळातच आग्रह धरतात, त्यामुळे प्रमाणपत्र नसलेल्या जुन्या सर्व्हरशी त्यांचे जमत नाही. एक्सेलची जुन्या धाटणीची फाईल २०१२ पासून मागे पडली. तिच्यावर कुणाचा मॅक्रो अवलंबून असेल तर तो अडतो. आणि जुना व नवा असे दोन्ही सर्व्हर चालू असताना ठरल्या वेळी ई-मेल पाठवण्याची कामे एकीकडे बंद केली नाहीत, तर संचालकांना तेच पत्रक दोनदा जाते. दोन्हींत आकडे वेगळे असले तर मग विचारायलाच नको.

म्हणून ताळा पाहणे हे या सगळ्या खटाटोपातले मुख्य काम. रूपांतराला दोन दिवस दिले तर ताळ्याला दहा द्यावेत, असे माझे मत आहे. बंद झालेला, लेखापरीक्षण पुरे झालेला एखादा काळ निवडावा, कारण त्यातले आकडे आता हलणार नाहीत. तोच रिपोर्ट, त्याच तारखा, जुन्या आणि नव्या दोन्ही सर्व्हरवर काढावा, आणि बेरजा पाहून न थांबता ओळी मोजाव्यात, नाव नावाला लावून पाहावे. हा ताळा व्हिज्युअल स्टुडिओतल्या पूर्वदर्शनावर करू नये. ते साधन एकदा आणलेली माहिती शेजारच्या फाईलीत साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच दाखवते. प्रश्न आपण बदललेला असतो, उत्तर मात्र कालचेच समोर येते. शक्य तर दूध न घातलेला सभासद, दोन खाती असलेला सभासद, महिन्याच्या मध्यावर वारलेला सभासद, अशी आडवाटेची माणसे मुद्दाम शोधून त्यांची पत्रके आधी पाहावीत. सरळ माणसाचे पत्रक सहसा चुकत नाही.

एवढे करून आपण जिथे पोचतो तो मुक्कामही कायमचा नाही. एसक्यूएल सर्व्हर २०२५ बरोबर रिपोर्टिंग सर्व्हिसेसची नवी आवृत्ती आली नाही. २०२२ ची शेवटची ठरली असून तिला आधार ११ जानेवारी २०३३ पर्यंत आहे. पुढची वाट पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरची, आणि आरडीएल फाईली तिथेही चालतात. तेव्हा ताळ्यासाठी वापरलेले कागद फेकून देऊ नका. कुठला काळ निवडला, कुठल्या सभासदांची नावे तपासली, कुठली अट कुठून कुठे हलवली, हे त्याच प्रोजेक्टच्या फोल्डरात तारीख घालून लिहून ठेवा. आणि जुना सर्व्हर वर्षअखेरचे लेखापरीक्षण उरकेपर्यंत फक्त वाचण्यापुरता जिवंत ठेवा. मार्चचा तो एक तक्ता अजून निघायचा आहे.