रायफलला नवा स्टॉक लावताय? आधी हे बघा

आजचा विषय: अमेरिकेत रेमिंग्टन ७०० घेतली, आता बाहेरचा स्टॉक, म्हणजे दस्ता, बसवायचाय. कुठला घ्यायचा?

मी पडलो कोडवाला, त्यामुळे आधी कंपॅटिबिलिटी बघतो. ही रायफल १९६२ पासून आहे, पर्याय ढीगभर. पण .३०८ ला शॉर्ट ॲक्शन, .३०-०६ ला लाँग; स्टॉक वेगळे. बॅरलची जाडी, मॅगझिनचा प्रकार आणि डावखुरे असाल तर बोल्टची बाजू, हेही जुळायला हवं.

आता खरा मुद्दा. स्टॉक बॅरल सुधारत नाही. तो ॲक्शन दरवेळी तशीच धरतो आणि रायफल तुमच्या अंगाला बसवतो. बस्स. स्वस्त प्लास्टिक बायपॉडवर भार आला की वाकतं, बॅरलला टेकतं, नेम सरकतो. लाकूड दमट हवेत फुगतं. रायफल रिकामी आहे याची खात्री करा आणि बॅरल-स्टॉकच्या फटीत डॉलरची नोट सरकवा. अडकली? मग तिथे टेकतंय.

मग मापं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, डोळे उघडा. स्कोपमधलं चित्र पूर्ण दिसायला मान उचलावी लागली, तर गालपट्टी वर-खाली होणारा स्टॉक बघा. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकलं, त्या प्रकारात गुडघ्यावर, झोपून, उभं राहून नेम धरतात. म्हणून त्या रायफलींची मापं बदलता येतात.

शेवटी, स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा, स्टॉकवाल्याने दिलेल्या आकड्यावर. मग स्कोप परत झीरो करा. ते न करता शिकारीला गेलात, तर जनावर जखमी होऊन पळेल.

भेटू पुढच्या भागात!