ओढणे आणि आवरणे

दिवाळी सरली, की कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांची धुराडी धूर सोडू लागतात आणि आसपासचे रस्ते उसाच्या वाहनांनी भरून जातात. त्यांत बैलगाड्या असतात, मालमोटारी असतात. परंतु वाटसरूची दृष्टी खिळून राहते ती ट्रॅक्टरवर. पुढे अडीच टन वजनाचा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. मोळ्या इतक्या उंच रचलेल्या असतात, की मागून येणाऱ्यास ट्रॅक्टर दिसतच नाही; उसाचा ढीगच आपण होऊन चालला आहे असा भास होतो. भरलेल्या दोन्ही ट्रॉल्यांचे वजन १५ टन धरले, तर हे लहानसे वाहन आपल्या सहापट भार ओढीत असते.

हे त्याला साधते तरी कसे? याचे पहिले कारण म्हणजे चाक. भार उचलावयाचा असेल, तर त्याच्या वजनाइतकाच जोर लावावा लागतो. पण हवा भरलेल्या चाकांवरून तोच भार सपाट, पक्क्या रस्त्याने न्यावयाचा असेल, तर वजनाच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका जोर पुरतो. म्हणजे ट्रॅक्टर धरून साडेसतरा टनांसाठी अवघा ३५० किलोंचा! दुसरे कारण म्हणजे गिअर. खालच्या गिअरमध्ये इंजिन पुष्कळ फेरे घेते आणि चाक थोडे फिरते. वेग कमी होतो, पण त्याच्या बदल्यात जोर वाढतो. ट्रॅक्टर मुळात नांगर ओढण्यासाठीच घडविलेला असल्यामुळे हा जोर त्याच्या अंगी विपुल असतो. सपाट रस्त्यावर गाडी सहज चालू लागते आणि चालकाला वाटते, की एवढा भार आपल्या ट्रॅक्टरला पेलतो आहे. फसगत होते ती येथेच.

आता रस्त्याला चढ लागतो. समजा, २० मीटर अंतर चालले असता १ मीटर उंची गाठावी लागते, एवढाच तो चढ आहे. पायी जाणाऱ्यास तो फारसा जाणवणारही नाही. परंतु साडेसतरा टनांच्या गाडीला तो आणखी ८७५ किलोंच्या जोराने मागे खेचतो. इंजिन हा जोर देऊ शकते. पण रस्ता तो घेऊ देईलच असे नाही. मागील चाके रस्त्याला जेवढी घट्ट धरतील, तेवढाच जोर उपयोगी पडतो. पकड सुटली, की चाके जागच्या जागी फिरू लागतात.

त्याहूनही मोठा धोका पुढच्या चाकांना असतो. भाराची ओढ आणि ट्रॉलीच्या दांड्याने आकड्यावर टाकलेले वजन, ही दोन्ही ट्रॅक्टरच्या मागील बाजूस लागतात. मागील चाकांचा आस हा जणू तराजूचा काटा. मागचे पारडे जड झाले, की पुढचे उचलले जाते. ट्रॅक्टर वळतो तो पुढच्या चाकांनी. ती हलकी झाली, की चालकाच्या हातातील चक्र फिरते, पण गाडी वळत नाही. अशा वेळी दोघेतिघे पुढच्या भागावर चढून बसतात, आणि पाहणाऱ्यांना त्याचे कौतुकही वाटते! साखळी आकड्याला न अडकवता आसाच्या वर कोठेतरी बांधली, तर ट्रॅक्टर उभा राहून चालकाच्या अंगावर उलटतो. त्याला उडी टाकण्यासही अवधी मिळत नाही.

हे ज्ञान काही यंत्रांबरोबर आलेले नाही. बैलगाडी भरताना गाडीवान ओझे कोठे ठेवावे याचा विचार करी. ते फार मागे गेले, तर गाडी उलाळते, म्हणजे जू वर उचलले जाते आणि गळ्याखालच्या जुपण्यांनी बैलांना फास बसतो. ते फार पुढे आले, तर सारा भार माना दडपतो. गाडीला जुंपलेल्या बैलांच्या मानेवर थोडेसेच वजन असावे, ही गोष्ट त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकविली नव्हती.

तथापि, चढ हे अर्धेच संकट. खरी परीक्षा असते ती थांबण्याची. ट्रॅक्टरचे ब्रेक सामान्यतः त्याच्या मागील चाकांनाच असतात, आणि बहुतेक ट्रॉल्यांना तर स्वतःचे ब्रेकच नसतात. कोरड्या रस्त्यावर त्या दोन चाकांनी सर्व बळ एकवटले, तरी सुमारे एक टनाचाच रोध निर्माण होतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा मोकळा ट्रॅक्टर तेवढ्याने ४ मीटरांच्या आत थांबतो. पंधरा टनांचा ऊस मागे असताना त्याच वेगाला २० मीटर लागतात. आणि वर सांगितलेला चढ उलट बाजूने उतरावयाचा असेल, तर जवळजवळ ६० मीटर. रस्ता पावसाने किंवा शेतातून आलेल्या चिखलाने ओला झाला व पकड निम्मी राहिली, तर उतारावर ती गाडी मुळी थांबतच नाही. मागचा भार ट्रॅक्टरला ढकलीत नेतो. आकड्याजवळचा सांधा मोकळा असल्यामुळे तो ट्रॅक्टर आडवा फिरवतो आणि ट्रॉल्या त्याच्यावर चालून येतात.

काही चालक उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. याहून महागडी काटकसर दुसरी नाही. गाडी गिअरमध्ये असते, तेव्हा चाकांना इंजिन फिरवावे लागते आणि तेच त्यांचा वेग धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये हा आधार सुटतो. मग एकटे ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची धार मंदावते. ज्या गिअरमध्ये चढ चढला, त्याच गिअरमध्ये उतरावे, असा जाणत्या चालकांचा परिपाठ आहे.

ओढणाऱ्याहून ओढले जाणारे जड, हा पेच रेल्वेपुढे तर प्रारंभापासूनच होता. १८६३ साली भोर घाटातून लोहमार्ग सुरू झाला. तेथे ३७ मीटरांना १ मीटर एवढा तीव्र चढ आहे. पुण्याकडे चढणाऱ्या गाडीला कर्जत येथे मागून रेटणारी इंजिने जोडण्याची पद्धत पडली. उतरणाऱ्या गाडीसाठी मुख्य मार्गाला लागून चढावर जाणारे आडमार्ग बांधले गेले. आवर सुटलेली गाडी त्यांवर चढावी आणि आपल्याच वजनाने थांबावी, ही त्यामागील कल्पना. पुढे प्रत्येक डब्याच्या चाकांना ब्रेक आले आणि इंजिनचालकाने एक दांडा फिरवताच सारी गाडी स्वतःला आवरू लागली. युरोपातील देशांत मोटारीमागे जोडलेल्या गाडीचे अनुमत वजन ७५० किलोंहून अधिक असेल, तर तिला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. उसाच्या ट्रॉलीच्या मानाने हे वजन किती लहान!

मग चालक एवढा भार घेतात तरी का? तोडलेला ऊस जसजसा वाळतो, तसतसे त्याचे वजन घटते आणि त्यातील साखरही कमी होते. म्हणून सर्वांनाच घाई असते. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. एका खेपेत दोन ट्रॉल्या नेल्या, तर डिझेलही वाचते आणि कारखान्याच्या दारातील रांगेत दोनदा तिष्ठावे लागत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये व वर प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठेवला आहे. परंतु रात्रीच्या अंधारात वजन पाहणारा रस्त्यावर कोण असतो?

तरीही एखादा अनुभवी चालक चढाच्या पायथ्याशी ट्रॅक्टर थांबवितो. मागची ट्रॉली सोडून तिच्या चाकांना दगड लावतो. एकच ट्रॉली घेऊन वर जातो, ती सपाटीवर उभी करतो आणि दुसरी आणण्यासाठी मोकळा ट्रॅक्टर घेऊन खाली उतरतो. यात त्याचा अर्धा तास मोडतो. दरम्यान मागून आलेले दोन ट्रॅक्टर कर्णे वाजवीत त्याला ओलांडून पुढे गेलेले असतात.