माळव्याची माती आणि तैलरंग

इंदूरच्या लालबाग राजवाड्यात मान वर करून पाहिले, म्हणजे छतावर युरोपीय थाटाची चित्रे दिसतात. 1886 च्या सुमारास आरंभ होऊन तृतीय तुकोजीरावांच्या अमदानीत 1921 साली पूर्णत्वास गेलेल्या या वास्तूला तो थाट शोभूनही दिसतो. परंतु त्याच होळकर संस्थानात 1927 साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी चित्रशाळा उघडली आणि तैलरंगाचे जे माध्यम दरबारापुरते व व्यक्तिचित्रापुरते मानले जात होते, ते घेऊन विद्यार्थ्यांना उघड्या उन्हात नेऊन बसविले, ही घटना मला राजवाड्याच्या उभारणीहून थोर वाटते.

परीक्षा मुंबईची आणि विषय माळव्याचा, असा त्या शाळेचा रिवाज होता. 1910 साली इंदुरात जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे याच शिस्तीत वाढले. कोवळ्या वयातील मकबूल फिदा हुसेन यांनीही तेथेच धडे घेतले, आणि मुलाला चित्रकार होऊ द्यावे म्हणून हुसेन यांच्या वडिलांचे मन वळविणारे बेंद्रेच होते. पुढे दोघेही मुंबईस गेले. महेश्वरात जन्मलेले देवकृष्ण जटाशंकर जोशी मात्र माळवा-निमाडातच रमले. पॅलेट नाइफने जाडसर थापलेल्या त्यांच्या रंगात नर्मदेचा घाट, त्याच्या पायऱ्या आणि वर तापलेली भिंत अशी उमटते, की जवळून पाहता केवळ रंगाचे थर दिसावेत आणि चार पावले मागे सरताच निमाडचे दुपारचे ऊन अंगाला लागावे.

गावाची ही ओढ तैलरंगांतून व्यक्त करण्याचा दुसरा मोठा प्रयत्न चीनमध्ये झाला, आणि त्याची कारणे अधिक कठोर होती. यीशिंगच्या खेड्यात जन्मून पॅरिसला शिकलेले वू ग्वानझोंग सांस्कृतिक क्रांतीच्या काळात हपेई प्रांतातील खेड्यात श्रमासाठी पाठविले गेले. तेथे ईझल नसल्याने शेणखताची टोपली उभी करून तिच्यावर फळी टेकवून ते शेते, भोपळ्याचे वेल, मातीची घरे रंगवीत. पुढे लुओ झोंगली यांनी 1980 साली 'पिता' या प्रचंड तैलचित्रात सुरकुतलेल्या शेतकऱ्याचा चेहरा नेत्यांच्या चित्रांना शोभेल एवढा मोठा काढला. 2011 अखेर चीनची निम्म्याहून अधिक वस्ती शहरी झाली. तेव्हा ज्या पिढीने गाव सोडले, तिच्यासाठी वू यांच्या चित्रांतील पांढऱ्या भिंती व काळी कौले हे केवळ सुंदर दृश्य राहिले नाही, तर मागे राहिलेल्या घराचा पत्ता झाले.

आपल्याकडील ओढ अशा सक्तीतून जन्मली नाही, म्हणून ती हलकी ठरत नाही. ज्याने गाव सोडले त्याला गावाची आठवण सांगावी लागते; जोशींनी सोडलेच नाही, त्यामुळे त्यांच्या चित्रात हळहळ कमी आणि निकटचा परिचय अधिक आहे. माझ्या मते हा परिचय अधिक दुर्मिळ आहे, आणि मराठी समीक्षेने मुंबईकडेच पाहत राहून त्याची दखल तोकडी घेतली.

यास्तव इंदूर, देवास, धार येथील मराठी घरांना एक विनंती करावीशी वाटते: आपल्या दिवाणखान्यात देवळालीकरांच्या चित्रशाळेच्या विद्यार्थ्याचे एखादे निसर्गचित्र टांगलेले असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्या स्थळाचे नाव, साल आणि चित्रकाराचे नाव चौकटीच्या पाठीमागे आजच लिहून ठेवावे.