भाड्याच्या मोटारीचे क्रेडिट कार्ड विमासंरक्षण

भाड्याने घेतलेल्या मोटारीचे नुकसान किंवा चोरी झाल्यास, भाडे ज्या क्रेडिट कार्डाने भरले त्या कार्डाच्या सुविधांतून मिळणाऱ्या भरपाईस भाड्याच्या मोटारीचे क्रेडिट कार्ड विमासंरक्षण म्हणतात. ही सुविधा विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे.

स्वरूप

अमेरिकेत मोटारीचा ताबा देताना भाडे कंपनी ग्राहकास 'कोलिजन डॅमेज वेव्हर' घेण्याविषयी विचारते. हा काटेकोर अर्थाने विमा नव्हे. दररोज ठरावीक रक्कम घेऊन कंपनी नुकसानभरपाई मागण्याचा आपला हक्क सोडते, एवढाच तो करार असतो. कार्डाची सुविधा या वेव्हरची जागा घेते. म्हणूनच वेव्हर नाकारणे ही तिची मुख्य अट असते. तो स्वीकारल्यास कार्डाचे संरक्षण सामान्यतः लागू होत नाही. शिवाय भाडे त्याच कार्डाने भरावे लागते आणि करारावर मुख्य भाडेकरू म्हणून कार्डधारकाचे नाव असावे लागते.

हे संरक्षण दुय्यम असल्यास आधी कार्डधारकाच्या स्वतःच्या मोटार विम्यातून भरपाई घ्यावी लागते आणि उरलेली रक्कम कार्डातून मिळते. प्राथमिक संरक्षणात स्वतःच्या विमा कंपनीकडे जावे लागत नाही. 'चेस सफायर प्रिफर्ड' या कार्डाचे संरक्षण प्राथमिक आहे.

मर्यादा

'विमा' हा शब्द सर्वाधिक फसवा ठरतो तो येथे. कार्डाचे संरक्षण केवळ भाड्याच्या मोटारीपुरते असते. धडकेत जखमी झालेला पादचारी, समोरची मोटार किंवा तिच्यातील प्रवासी यांची भरपाई त्यातून मिळत नाही. अमेरिकेत स्वतःची मोटार असणाऱ्यांचा दायित्व विमा बहुधा भाड्याच्या मोटारीसही लागू पडतो. शिक्षणासाठी गेलेला विद्यार्थी किंवा मुलांकडे आलेले आईवडील यांच्याकडे मात्र तो सहसा नसतो. त्यांना पूरक दायित्व विमा वेगळा घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एका व्यक्तीच्या इजेसाठी कायद्याने आवश्यक किमान दायित्व विमा ३०,००० डॉलर आहे. गंभीर अपघातात रुग्णालयाचा खर्च याच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो.

ट्रक, मोटारसायकली, अतिमहाग व पुरातन मोटारी बहुधा वगळलेल्या असतात. भाड्याच्या मुदतीवरही मर्यादा असते. अनेक कार्डांत ती निवासाच्या देशात १५ आणि परदेशात ३१ दिवस असते. भारतात दिलेल्या कार्डांना या अटी जशाच्या तशा लागू होत नाहीत.

दावा

दाव्यासाठी भाडेकरार, कार्डाने भाडे भरल्याची पावती, नुकसानीची छायाचित्रे, दुरुस्तीचे देयक आणि पोलीस अहवाल असल्यास तो लागतो. दुरुस्तीच्या काळात बुडालेल्या भाड्याचीही कंपनी मागणी करते. त्या दिवसांत मोटार खरोखर भाड्याने गेली असती हे दाखवणाऱ्या नोंदी कंपनीने दिल्याखेरीज ही रक्कम अनेकदा नाकारली जाते.