कुरकुर करा, सायकल पळेल

पायावरचे केस काढले की सायकल जास्त पळते. थट्टा नाही. स्पेशलाइज्ड या अमेरिकन कंपनीने कॅलिफोर्नियात मॉर्गन हिलला सायकलींसाठी खास वाऱ्याचा बोगदा बांधलाय. २०१४ साली तिथल्या इंजिनिअरांनी काही रायडरना आधी केसाळ पायांनी आणि मग तुळतुळीत पायांनी त्यात बसवलं. हिशेब निघाला की ४० किलोमीटरमागे मिनिटभराहून जास्त वेळ वाचतो. रायडर लोक पिढ्यान्‌पिढ्या पाय भादरतच होते. कुणी विचारलं तर मालिशचं किंवा मलमपट्टीचं कारण पुढे करायचे. इंजिनिअरांनी त्यांना पहिल्यांदा एक बरं कारण मिळवून दिलं.

यात मेख अशी, की सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाताना रायडरची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. त्या हवेला अडवतं कोण? सायकल थोडीशी, बाकी सगळा तो स्वतः. म्हणून रेसिंग सायकल बनवायची तर नुसती सायकल मोजून भागत नाही. वर बसलेल्या माणसाचं ऐकावं लागतं, आणि तो माणूस बहुधा कुरकुरतच असतो.

गारठलेली बोटं

तुल्लियो कँपान्योलो हा इटलीतल्या व्हिचेंझाचा. बापाचं हार्डवेअरचं दुकान, पोराला शर्यतींचा नाद. तेव्हा मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दातेरी चकत्या असत. चढ आला की खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटं बसवायचं. हाच गिअर. १९२७ साली क्रोचे दाउने घाटात बर्फ पडत होता आणि कँपान्योलोच्या बोटांना चाकाचे नट सुटेनात. शर्यत गेली. काही इतिहासकारांना ही गोष्ट रचलेली वाटते, मला ती सोडवत नाही. एवढं मात्र पक्कं, की १९३०मध्ये त्याने चाक झटकन सोडवणाऱ्या खटक्याचं पेटंट घेतलं. आज गाडीच्या डिकीतून सायकल काढून हा हा म्हणता चाक बसवणारा प्रत्येक जण त्याच्या ऋणात आहे.

गिअरचं भाग्य उशिरा उघडलं. टूर द फ्रान्सचे जनक आंरी देसग्रांज यांच्या लेखी गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय होती. या शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्रणेला १९३७ साली परवानगी मिळाली.

आठ सेकंद

१९८९चा टूर ३,२८५ किलोमीटरचा. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत एकेकट्याने पळवायचे २४.५ किलोमीटर उरले होते आणि फ्रान्सचा लोराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने हँडलला पुढे काढलेल्या दांड्या लावल्या आणि कोपरं जवळ घेऊन अंग चिंचोळं केलं. ही युक्ती बून लेनन या स्कीइंगच्या कोचची. बर्फाच्या उतारावर अंग कसं मुडपायचं ते त्याला ठाऊक होतं. फिन्याँ तशा दांड्यांविना, डोकं उघडं, पोनीटेल वाऱ्यावर. लेमाँड आठ सेकंदांनी टूर जिंकला. पोनीटेलवरून फ्रेंच लोक अजून हळहळतात.

वॉशिंग मशीन विरुद्ध लोटस

माझी आवडती जोडी मात्र इंग्लंड-स्कॉटलंडची. माइक बरोज या डिझायनरची कल्पना लोटस या मोटार कंपनीने उचलली. त्यातून निघालेल्या कार्बनच्या अखंड फ्रेमवर ख्रिस बोर्डमनने १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मारलं. फायनलमध्ये त्याने समोरच्याला चक्क गाठलं! पलीकडे स्कॉटलंडचा ग्रेम ओब्री. त्याच्याकडे ना कंपनी ना बोगदा. सायकल घरी जुळवलेली, आणि बेअरिंग वॉशिंग मशीनचं. छाती हँडलवर टेकवून, हात अंगाखाली दुमडून तो बसायचा. १७ जुलै १९९३ला त्याने तासाभरात ५१.५९६ किलोमीटर कापून विश्वविक्रम केला. सहा दिवसांत बोर्डमनने ५२.२७० करून तो मोडला. पुढे यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, ओब्रीच्या बैठकीवर बंदी घातली.

आणि रायडर नि इंजिनिअर एकाच अंगात असले तर? डॅन बिगम तेव्हा इनिऑस या सायकलिंग संघात इंजिनिअर होता. ऑगस्ट २०२२मध्ये त्याने स्वतःच तासाचा विक्रम केला, ५५.५४८ किलोमीटर. मग नोकरी इमानेइतबारे केली आणि त्याच संघाच्या फिलिप्पो गान्नाला तयार केलं. ऑक्टोबरमध्ये गान्ना ५६.७९२वर! त्याच्या सायकलची पिनारेल्लो कंपनीची फ्रेम थ्रीडी प्रिंटरवर छापलेली. तिच्यावरचे उंचवटे हंपबॅक देवमाशाच्या परांवरून सुचलेले.

यूसीआयचे नियमही मजेदार आहेत. सायकल ६.८ किलोहून हलकी चालत नाही. काही फ्रेम इतक्या हलक्या निघतात की मेकॅनिकला वजन भरावं लागतं. मोजे किती वर चढवायचे याचाही नियम आहे.



टायरच्या बाबतीत मात्र रायडरही फसले आणि इंजिनिअरही. २३ मिलिमीटरचा टायर दगडासारखा टणक भरला की वेग वाढतो, अशी सगळ्यांची खात्री होती. कारखान्यातल्या गुळगुळीत रोलरवर ते खरंही ठरायचं. पण खऱ्या रस्त्यावर तो टायर उडतो, हादरे अंगात जिरतात आणि ताकद वाया जाते. आता व्यावसायिक रायडर २८-३० मिलिमीटरचे टायर कमी हवेवर चालवतात. गोव्यात डिचोलीहून साखळीकडे पावसाळ्यानंतर सायकल दामटणाऱ्याला यासाठी संशोधन लागत नाही, त्याचं बूड सांगतं.

आणि आपल्याकडे?

गोव्यात २०१९मध्ये मिरामारला पहिली आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉन झाली. त्यात ९० किलोमीटर सायकल होती. २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचा यजमानही गोवाच, पण ट्रॅक सायकलिंग दिल्लीला घ्यावं लागलं. शेजारच्या महाराष्ट्रात, पुण्याला जानेवारी २०२६मध्ये यूसीआयच्या यादीतली पाच दिवसांची ग्रँड टूर झाली. म्हणजे भागात रायडर आहेत. कार्बन फायबरही परकं नाही, पिळर्णच्या किनेको कंपनीत अवकाश क्षेत्रासाठी कंपोझिटचे भाग बनतात.

तिथल्या एखाद्या इंजिनिअरला रविवारी पेडणे-डिचोलीच्या रायडरांत नेऊन बसवावं. यादी तयारच मिळेल. डिचोलीचा म्हणेल, खाणपट्ट्यातली तांबडी धूळ चेनच्या तेलात बसते आणि दाते खाते, तर तेलाऐवजी मेण लावता येईल अशी चेन द्या. मोपाच्या पठारावर सराव करणारा म्हणेल, बाजूने वारा आला की खोल रिमचं चाक हातातून हँडल ओढतं, पुढचं उथळ ठेवा. आणि हरमल-मोरजीच्या बाजूचा म्हणेल, खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची फ्रेम गंजून कार्बनचा सीटपोस्ट तिच्यात असा चिकटतो की शेवटी करवत घ्यावी लागते. यावर इंजिनिअर विचारेल, "दर दोन महिन्यांनी काढून पेस्ट लावत होता काय रे?" मग सगळे गप्प.