मधल्या फळीतील खेळाडू आणि संस्थेचे सातत्य : एदू बेदिया यांची गोव्यातील कारकीर्द

प्रस्तावना

फुटबॉलमध्ये आघाडीपटूचे मूल्यमापन गोलांच्या संख्येवरून सहज करता येते. मधल्या फळीतील खेळाडूचे तसे नसते. बचावफळीकडून चेंडू घेणे, खेळाचा वेग ठरविणे आणि योग्य क्षणी चेंडू पुढे देणे हे त्याचे कार्य गुणफलकावर क्वचितच उमटते. ते फलद्रूप होण्यास सहकाऱ्यांशी दीर्घ परिचय व्हावा लागतो आणि त्यासाठी संस्थाही टिकावी लागते. प्रस्तुत लेखात स्पॅनिश खेळाडू एदू बेदिया यांच्या गोव्यातील कारकिर्दीच्या आधारे या संबंधाचे विवेचन केले आहे.

स्पेनमधील जडणघडण

बेदिया यांचा जन्म 1989 मध्ये सांतांदेर येथे झाला. स्पेनने 2008 व 2012 मध्ये युरोपचे आणि 2010 मध्ये विश्वचषकाचे विजेतेपद मिळविले, तो त्यांच्या तारुण्याचा काळ. झावी, इनिएस्ता व बुस्केट्स यांच्यामुळे स्पेनची मधली फळी तेव्हा जगात श्रेष्ठ मानली जात होती. गुणवत्तेच्या अशा विपुलतेत अनेक चांगल्या खेळाडूंना राष्ट्रीय संघाचे दार बंदच राहिले; बेदिया त्यांपैकी एक होत. रेसिंग सांतांदेर, बार्सिलोनाचा 'बी' संघ आणि रेआल सारागोसा या संघांतून खेळल्यानंतर 2017 मध्ये ते एफसी गोवा संघात दाखल झाले.

गोव्यातील सहा हंगाम

गोव्यात फुटबॉलची सुरुवात 1883 मध्ये शिवोली येथे फादर विल्यम लायन्स यांनी केली, असे मानले जाते. म्हणजे बेदिया आले ते खेळाची जाण असलेल्या समाजात. संघाचे तत्कालीन प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी पूर्वी बार्सिलोनात काम केले होते; त्यामुळे चेंडू आपल्या ताब्यात ठेवून खेळण्याची पद्धती दोघांनाही परिचित होती. संघाने 2019 मध्ये सुपर कप आणि 2019-20 च्या हंगामात इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीतील अग्रस्थान मिळविले.

खरी कसोटी त्यानंतर आली. 2020 मध्ये लोबेरा यांच्यासह जाहू, बुमू, फॉल व मंदार राव देसाई हे मुंबई सिटी संघात गेले. सर्वाधिक गोल करणारे कोरोमिनास यांनीही गोवा सोडले. बेदिया मात्र राहिले आणि संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले. संघ नव्याने उभा करताना जुनी खेळपद्धती जाणणारा खेळाडू मैदानाच्या मध्यभागी असणे किती मोलाचे असते, हे 2021 मध्ये दिसून आले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय संघ ठरला. 20 एप्रिल रोजी इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध मडगावच्या ब्रँडन फर्नांडिस यांच्या फ्री किकवर बेदिया यांनी हेडरने गोल केला. तो या स्पर्धेतील संघाचा पहिला गोल होय. सामना 1-2 असा गमावला असला, तरी आदल्या वर्षीच्या उपविजेत्या संघावर काही मिनिटे आघाडी राखता आली. 3 ऑक्टोबर 2021 रोजी कोलकाता येथे ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात मोहम्मेडन स्पोर्टिंगविरुद्धचा एकमेव गोलही जादा वेळेत बेदिया यांच्याच फ्री किकवर झाला. 1888 पासून चालत आलेला हा चषक एफसी गोव्याने प्रथमच जिंकला.

पुणे परिसराचा अनुभव

लोणावळा-मावळच्या विद्यार्थ्यांना द्रुतगती मार्गाने जवळ असलेले बालेवाडीचे मैदान परिचित आहे. 2014 मध्ये स्थापन झालेला एफसी पुणे सिटी संघ तेथे खेळत असे. 2017-18 मध्ये त्याने उपांत्य फेरीही गाठली. परंतु 2019 मध्ये तो विसर्जित झाला. या संघाकडेही स्पॅनिश खेळाडू व प्रशिक्षक आले होते. उणीव गुणवत्तेची नव्हती, कालावधीची होती. एका हंगामापुरता आलेला खेळाडू सामना जिंकून देऊ शकतो. खेळण्याची रीत रुजविण्यास मात्र वर्षे लागतात.

निष्कर्ष

बेदिया यांच्या कारकिर्दीचे महत्त्व केवळ दोन संस्मरणीय गोलांत नाही. सहकारी व प्रशिक्षक बदलत असताना त्यांनी सहा हंगाम संघाच्या खेळाचा धागा तुटू दिला नाही, हे त्यांचे खरे योगदान होय. महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात दरवर्षी नवा संघ आणि नवा आरंभ असे चित्र असते. विजेत्यांची निवड करताना जुन्या व नव्या खेळाडूंना जोडणाऱ्या विद्यार्थ्याचीही आपण दखल घेतो काय, हा प्रश्न प्राध्यापकवर्गाने स्वतःस विचारावयास हवा.